मृत्यूच्या दगडावर सुटकेच्या कथा

इसवी सन ३५९ च्या ऑगस्ट महिन्यात रोमचा नगरप्रमुख युनिअस बासस पदावर असतानाच मरण पावला. त्याचे वय ४२ वर्षांचे होते. मृत्यूच्या थोडेच आधी त्याने बाप्तिस्मा घेतला होता, अशी नोंद त्याच्या संगमरवरी शवपेटीवरील लॅटिन लेखात आहे. १६ व्या शतकाच्या अखेरीस ही पेटी सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या भूमीखाली सापडली. आज ती त्याच बॅसिलिकाच्या संग्रहालयात आहे. आरंभीच्या ख्रिस्ती समाजाने मृत्यूकडे कसे पाहिले, हे समजून घेण्यासाठी अशा शवपेट्यांइतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

जुन्या कारखान्यांतील नवे विषय

इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत रोममध्ये दहनाची प्रथा रूढ होती. दुसऱ्या शतकात दफनाचे प्रमाण वाढले आणि धनिक घराणी कोरीव दगडी शवपेट्या घेऊ लागली. या पेटीला 'सार्कोफॅगस' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'मांसभक्षक' असा आहे. आशिया मायनरमधील अ‍ॅसॉस येथील दगडात ठेवलेला देह दात वगळता ४० दिवसांत नष्ट होतो, अशी समजूत प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवून ठेवली आहे.

रोममधील कारखान्यांत या पेट्यांसाठी काही ठरावीक विषय कोरले जात. झोपी गेलेला देखणा एन्डिमिअन, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ, हाती ग्रंथ धरलेला तत्त्ववेत्ता, द्राक्षांची तोडणी करणारी बालके ही त्यांपैकी काही. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती ग्राहक आले, तेव्हा कारागिरांनी हीच चित्रभाषा नव्या कथांसाठी वापरली. रोमन फोरममधील सांता मारिया अँटिक्वा या चर्चमध्ये असलेली इ. स. २७० च्या सुमाराची पेटी हे त्याचे ठळक उदाहरण होय. माशाच्या पोटातून सुखरूप बाहेर आलेला योना संदेष्टा येथे वेलीखाली पहुडला आहे. मात्र त्याची ऐट थेट एन्डिमिअनची आहे. शेजारी प्रार्थनेसाठी हात उंचावलेली स्त्री आणि बसलेला तत्त्ववेत्ता आहे. त्या दोघांचे चेहरे अर्धवटच राहिले आहेत. पेटी ज्यांच्यासाठी घेतली, त्यांची मुखे तेथे कोरायची होती. ते काम कधी झालेच नाही.

क्रूस कोठे आहे?

या शिल्पांत पुनःपुन्हा दिसणाऱ्या कथांना एक समान सूत्र आहे. सिंहांच्या गुहेतून वाचलेला दानिएल, अग्निकुंडातील तीन तरुण, बळी जाता जाता वाचलेला इसहाक, कबरीतून उठवलेला लाजरस या सर्व कथा सुटकेच्या आहेत. ज्या देवाने त्यांना सोडवले तो या पेटीतील मृतालाही सोडवील, ही आप्तांची आशा त्यांतून व्यक्त होते. येशू येथे बहुधा दाढी नसलेला तरुण आहे. चमत्कार करताना त्याच्या हाती छडी दिसते.

क्रूसावरील येशू मात्र या पेट्यांवर आढळत नाही. क्रूसावर चढवणे ही गुलाम आणि बंडखोर यांना दिली जाणारी मानहानीची शिक्षा होती, हे त्याचे एक कारण मानले जाते. व्हॅटिकनमधील पिओ क्रिस्टिआनो या १८५४ साली स्थापन झालेल्या संग्रहालयात चौथ्या शतकाच्या मध्यातील एक पेटी आहे. तिच्यावर क्रूस आहे, पण तो रिकामा. त्याच्या माथ्यावर विजयाची पुष्पमाला असून तिच्यात ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक आद्याक्षरे गुंफलेली आहेत. त्याच पेटीवर शिपाई येशूच्या मस्तकी काट्यांचा मुकुट ठेवतो, तोही विजेत्याला माळ घालावी तसा. प्रत्यक्ष क्रूसारोहण रोममध्ये दिसते ते सांता सबिना चर्चच्या लाकडी दरवाजावर, म्हणजे इ. स. ४३० च्या सुमारास.

न्यायाधीशाच्या पेटीवर न्यायासन

बाससच्या पेटीवर स्तंभांनी विभागलेल्या दोन ओळींत प्रत्येकी पाच असे दहा प्रसंग आहेत. खालच्या ओळीत ईयोब, आदाम आणि हव्वा, येशूचा जेरुसलेम-प्रवेश, दानिएल आणि वधासाठी नेला जाणारा संत पॉल आहेत. वरच्या ओळीत इसहाकाचे बलिदान आणि संत पीटरची अटक आहे. मध्यभागी संत पीटर व संत पॉल यांच्यामध्ये सिंहासनाधिष्ठित ख्रिस्त आहे. त्याच्या पायाखाली आकाशाचा रोमन देव दाखवला आहे. उजवीकडच्या दोन कोनाड्यांपैकी एकात शिपायांनी धरून आणलेला येशू उभा असून दुसऱ्यात रोमन राज्यपाल पिलात बसला आहे. पिलाताने तोंड फिरवले आहे. हात धुण्याचे पाणी घेऊन सेवक जवळच उभा आहे.

रोमचा नगरप्रमुख हा शहरातील सर्वोच्च न्यायाधीशही असे. पीटर आणि पॉल यांना याच शहरात रोमन सत्तेने मृत्युदंड दिला, अशी परंपरा आहे. त्याच सत्तेच्या एका अधिकाऱ्याच्या शवपेटीवर आरोपी ख्रिस्त सिंहासनावर आहे आणि न्यायाधीश पिलात कडेच्या कोनाड्यात, निर्णय टाळत बसला आहे. आयुष्यभर पदाची वस्त्रे ल्यालेल्या बाससचा उल्लेख शवपेटीवरील लेखात पदाबरोबरच आणखी एका शब्दाने केला आहे. तो शब्द आहे 'नवदीक्षित'.