वांद्रे की खार?

घर घेताना आमच्या घरात वाद झाला तो वांद्रे की खार, एवढाच. १८४५ साली लेडी अवाबाई जीजीभॉय यांच्या दानातून माहीमचा कॉजवे झाला आणि साष्टीचे हे टोक मुंबईस जोडले गेले. तोवर माहीमहून थेट इकडे यायला होडी लागे. खारची वसाहत विसाव्या शतकात नकाशावर आखून झाली, स्टेशन १९२४ साली आले. तिथले रस्ते सरळ, वांद्र्याच्या जुन्या गल्ल्या वाकड्या. (खारमध्येही दांड्याचे कोळी आणि चुईम गाव आधीपासूनचे, हे दलाल सांगत नाहीत!) पण त्या वाकड्या गल्ल्यांतच १८९६ च्या प्लेगमध्ये भयभीत भाविकांनी उभारलेले क्रूस आहेत. आम्ही वांद्रे निवडले. त्यापायी एक खोली कमी घ्यावी लागली.