लहान पेटींतील खर्ज

१९५० च्या सुमारास अमेरिकेंत ज्या रसिकाला तबकडीवरील खर्जाचे स्वर भरदारपणें ऐकावयाचे असत, त्याला कपाटाएवढी पेटी घरांत आणावी लागे. मोठा दिवाणखाना ज्याच्यापाशीं नाहीं, त्यानें मंद्र सप्तकाची आशाच सोडावी, असा जवळजवळ नियम होता.

लाउडस्पीकरचा कागदी शंकु पुढें सरकला म्हणजे समोरची हवा दाबली जाते; त्याच क्षणीं पाठीमागची हवा विरळ होते. या दोन लाटा एकमेकींस मिळाल्या कीं मंद्र स्वर नाहींसे होतात. म्हणून शंकूची मागील बाजू पेटींत कोंडावी लागते. परंतु पेटी लहान असेल तर कोंडलेली हवा शंकूला विरोध करते. शंकु ज्या कडेनें चौकटीला बसविलेला असतो, तिचा ताठरपणा मुळांतच असतो. त्यांत हवेचा मिळाला कीं खालचे स्वर ऐकूंच येत नाहींत. तेव्हां पेटी मोठी करा, हाच सर्वमान्य उपाय होता.

न्यूयॉर्क विद्यापीठांत ध्वनिपुनरुत्पादनाचा विषय शिकविणाऱ्या एडगर विल्चर यांनीं हा प्रश्न उलट्या बाजूनें पाहिला. विरोध करणारे दोन असतील, तर घालवावयाचा कोणता? सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें दाबून दांडा लोटला तर तो परत उसळतो. ही हवेची स्प्रिंग आहे. लहानशा हालचालींत ती फार इमानी असते. जितकें दाबावें तितकेंच परत ढकलते. कडेचें तसें नाहीं. अंतर वाढतांच ती अडखळते आणि स्वर बिघडतो. मग कडेचा ताठरपणाच काढून टाकावा, शंकु सैल टांगावा, आणि त्याला सांवरण्याचें काम बंद पेटींतील हवेवर सोपवावें! अशा रचनेंत लहान पेटी ही तडजोड राहत नाहीं, ती गरजच ठरते. पेटी फार वाढविली तर हवेची स्प्रिंग ढिली पडते.

पहिल्या नमुन्याची सैल कड विल्चर यांच्या पत्नी रोझमेरी यांनीं गादीच्या कापडाची शिवून दिली. ही कल्पना घेण्यास प्रस्थापित कारखानदार मात्र तयार झाले नाहींत. शेवटीं विल्चर यांचाच विद्यार्थी हेन्री क्लॉस पुढें आला; मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें तो स्पीकरच्या पेट्या बनवीत असे. तेथेंच १९५४ सालीं ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी निघाली, आणि त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत ‘ए. आर.-१’ लोकांनीं ऐकला. त्याची लांबी अवघी २५ इंच, आंत शंकु १२ इंची. किंमत १८५ डॉलर होती. म्हणजे स्वस्ताई अजून दूरच होती.

या सोयीचा मोबदला निराळ्या ठिकाणीं द्यावा लागला. असा स्पीकर विजेचें ध्वनींत रूपांतर करण्यांत मंद असतो. त्याला अधिक शक्तीचा ॲम्प्लिफायर लागतो. १९५७ सालीं क्लॉसबरोबर ‘के. एल. एच.’ काढणारे अँटन हॉफमन (प्रख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव) यांच्या नांवानें एक नियमच रूढ झाला: लहान पेटी, खोल खर्ज आणि मोठा आवाज या तिहींपैकीं दोनच साधतात. पेटीचा आकार आणि किंमत पाहून स्पीकर निवडणाऱ्यांच्या लक्षांतून नेमकें हेंच निसटतें.

१९५८ सालीं स्टिरिओ तबकड्या बाजारांत आल्या आणि एकाऐवजीं दोन स्पीकर लागूं लागले. दोन कपाटें कोण मांडणार? पुस्तकांच्या फडताळांत बसणाऱ्या पेट्यांचे दिवस तेव्हांच खरे आले. १९६५ च्या ‘ए. आर.-४ एक्स’ची लांबी १९ इंच, शंकु ८ इंची आणि किंमत साठ डॉलरांच्या आंत होती. बेताच्या मिळकतीच्या घरांतहि जोडी शिरली. कंपनीनें न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकांत एक श्रवणकक्षहि उघडला होता. तेथें विक्री मुळींच होत नसे. येणाऱ्यानें बसावें, ऐकावें, आणि आपल्या गाडीला जावें.

१९६७ सालीं विल्चर यांनीं कंपनी विकली आणि ते बहिऱ्यांसाठीं लागणाऱ्या श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळले.