वैमानिकाच्या टोपातली गादी

१९५८ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरी जॉन कॉस या उद्योजकाने आणि मार्टिन लांगे या त्याच्या अभियंता सहकाऱ्याने केवळ संगीत ऐकण्यासाठी म्हणून जो स्टीरिओ हेडफोन सिद्ध केला, त्याच्या मूळ नमुन्यात कानावर टेकणाऱ्या गाद्या वैमानिकाच्या शिरस्त्राणातून काढून बसवलेल्या होत्या, अशी हकिकत त्या कारखान्याच्या परंपरेत सांगितली जाते. कॉस यांना खरे तर विकायचा होता तो एक सुटसुटीत फोनोग्राफ. हेडफोन ही त्याची केवळ जोडीची वस्तू होती. परंतु प्रदर्शनाला आलेल्या लोकांनी यजमानाला बाजूला सारून पाहुण्यालाच डोक्यावर घेतले, आणि त्या दिवसापासून घरगुती संगीतश्रवणाचा एक नवा शिरस्ता सुरू झाला. ही हकिकत प्रथम वाचली तेव्हापासून वैमानिकाच्या टोपातली ती गादी माझ्या मनातून गेलेली नाही. बाजारात ज्याला क्लोज्ड-बॅक म्हणतात त्या बंद पाठीच्या हेडफोनचे कूळ संगीताच्या दिवाणखान्यातले नसून गोंगाटात हात गुंतवून काम करणाऱ्या माणसाच्या जागेवरचे आहे, असा माझा जो दावा आहे, त्याचा मूळ दाखला हीच गादी होय.

या शोधाला कारण झाले ते देवास गेट. उज्जैनचे रेल्वे स्थानक आणि बसस्थानक जेथे हाकेच्या अंतरावर येतात त्या या नाक्यावर, पहिल्या मजल्यावरील एका कचेरीत, जमाखर्चाची रुजवात घालण्याचे माझे काम चालते. खिडकीखाली ‘इंदौर, इंदौर’ असा क्लीनरचा पुकारा, सुटण्याची वेळ झाली तरी प्रवासी भरेपर्यंत घुरघुरत उभ्या राहिलेल्या गाड्यांची इंजिने, त्यांच्यामागे अडकलेल्या रिक्षांचे भोंगे, आणि ११ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘महाकाल लोक’ या मंदिर-परिसराचे लोकार्पण झाल्यापासून सणावाराची वाट न पाहता बारमाही वाहू लागलेली यात्रेकरूंची वर्दळ, इतक्या सामग्रीत आकड्यांची बेरीज जुळवायची आणि तीही मन प्रसन्न ठेवून, तर कानात संगीत हवे आणि ते अशा साधनातून हवे की जे बाहेरचा कोलाहल आत येऊ देणार नाही व आतला गायक राजाभाऊ देवांचा किंवा किशोरीताई आमोणकरांचा स्वर शेजारच्या मेजावर सांडू देणार नाही. बंद पाठीचा हेडफोन तो हाच. त्यात ध्वनी निर्माण करणाऱ्या पडद्याच्या मागची बाजू घट्ट मिटलेली असते. उघड्या पाठीच्या हेडफोनात तेथे जाळी असते आणि आवाजाला दोन्ही दिशांना मुक्तद्वार असते.

या वस्तूच्या वंशावळीवर अनेकांनी हक्क सांगितला आहे, आणि जुन्या दप्तरातल्या वारसाच्या तंट्याप्रमाणे प्रत्येकाची कैफियत ऐकून घेणे न्यायाचे ठरेल. पहिला दावा दूरध्वनी केंद्राचा. १८८० च्या दशकात एझ्रा गिलिलँड याने केंद्रातील कर्मचाऱ्यांसाठी खांद्यावर टेकवून एका कानाशी धरून ठेवणारे जड साधन बनवले, येथून सर्वसाधारण इतिहास सुरू होतो. हा दावा मला मान्य नाही. त्या साधनाने एकच कान व्यापला जाई. दुसरा कान केंद्रातील व्यवहारासाठी उघडा राही. जेथे एक कान जगाला मोकळा ठेवलेला आहे तेथे बंदिस्त श्रवणाचे बीज कसे असेल? दुसरा दावा पॅरिसचा आहे आणि तो अधिक मोहक आहे. १८८१ च्या विद्युत् प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने नाट्यगृहातील संगीत तारांवरून आणून दोन्ही कानांना दोन श्रवणिका लावून लोकांना ऐकवले. म्हणजे संगीत होते, दोन कानही होते. परंतु त्या श्रवणिका श्रोत्याने हातांनी धरायच्या होत्या. ज्याचे दोन्ही हात ऐकण्यातच गुंतले तो काम काय करणार? तो शौकिनाचा आनंद होता आणि त्याची शाखा तेथेच खुंटली.

तिसरा दावेदार यूटामधला नॅथॅनियल बाल्डविन. १९१० साली त्याने आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार करून अमेरिकी नौदलाकडे पाठवले आणि नौदलाने ते बिनतारी संदेश ऐकण्यासाठी स्वीकारले, ही गोष्ट आता सर्वांना ठाऊक आहे. येथे दोन कान आहेत, हात मोकळे आहेत, काम आहे; उणीव आहे ती एकाच गोष्टीची. बाल्डविनच्या श्रवणिकेची कड कठीण आणि सपाट होती. ती कानावर टेके, परंतु कानाभोवती मिटत नसे. बर्लिनच्या ऑयगेन बायर याचा दावा मात्र मला अडवतो, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. त्याने १९३७ साली बाजारात आणलेला डीटी ४८ हा हलत्या वेटोळ्याच्या तत्त्वावरचा पहिला हेडफोन. पाठीने बंद, आणि कॉसच्या आधी एकवीस वर्षे. तेव्हा पित्याचा मान बायरकडे जातो हे मी मान्य करतो. परंतु त्या साधनाचा संसार प्रयोगशाळेत, ध्वनिमुद्रणात आणि श्रवणशक्तीच्या तपासणीत झाला; म्हणजे तेही कामाचेच साधन होते, आणि माझ्या मूळ सिद्धान्ताला त्याने धक्का लागत नाही, उलट बळच मिळते. मातृकूळ मात्र त्या गादीचेच राहते, कारण गादीवाचून बंद पाठीला अर्थ नाही.

ही गादी आली कोठून, या प्रश्नात माझे सर्वाधिक मन रमले. पहिल्या महायुद्धात विमानांची बैठक उघडी असे. इंजिनाचा आणि वाऱ्याचा गदारोळ असा की पुढच्या-मागच्या आसनांवरील गुरुशिष्यांना एकमेकांचा शब्द कळू नये. १९१७ च्या सुमारास इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी याने वैमानिकांच्या शिक्षणाची जी नवी पद्धती घालून दिली, तिच्यात शिक्षकाच्या तोंडाशी नळी धरून तिची दुसरी टोके शिष्याच्या कातडी टोपाला कानाशी जोडण्याची युक्ती होती. तिला गॉस्पोर्ट नळी म्हणत, आणि टायगर मॉथसारख्या शिकाऊ विमानांत ती दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकली. या नळीचे चित्र पाहताच कोणालाही दिसावे की हा तर वैद्याचा स्टेथोस्कोप आहे. १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रेने लाएनेक याने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली. पुढे १८५१ मध्ये आर्थर लिअर्ड याने आणि लगेच १८५२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॅमन याने तिला दोन कानांचे रूप दिले. त्याच घराण्यातल्या रबरी नळ्या १८९० च्या दशकात फोनोग्राफला लागल्या आणि नाणे टाकून गाणे ऐकवणाऱ्या दुकानांतून लोक त्या कानात घालून उभे राहू लागले. कर्णा आला आणि ती शाखा मावळली. वैमानिकाची शाखा मात्र वाढत गेली. स्मिथ-बॅरीने नळीची कल्पना स्टेथोस्कोपवरूनच उचलली असली पाहिजे, असे माझे ठाम अनुमान आहे. एका बारीक, क्षीण स्वराला भोवतालच्या आवाजापासून सोडवून दोन कानांपर्यंत पोचवणे हे दोन्ही ठिकाणचे प्रयोजन इतके एक आहे की त्यांचा परस्परसंबंध नाकारण्यापेक्षा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

नळीच्या जागी वीज आली, टोपात कानापाशी कप्पे आले, आणि दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी वैमानिकांच्या श्रवणिकांना शॅमॉय या मऊ कातड्याच्या गाद्या लागल्या. मग जेट विमाने आली आणि धावपट्टीवर उभ्या असणाऱ्या कामगारांचे कान वाचवण्याचा नवा प्रश्न उभा राहिला. येथे या कुळात एक अनपेक्षित सोयरीक होते. मॅसॅच्युसेट्सच्या वुस्टर गावची डेव्हिड क्लार्क कंपनी मुळात स्त्रियांची अंतर्वस्त्रे विणणारी. शरीराला घट्ट पण सुसह्य बसणारे कापड कसे करावे हे तिला ठाऊक असल्याने तिच्याकडे वैमानिकांचे दाबवस्त्र आले, त्यापाठोपाठ कानाला घट्ट पण सुसह्य बसणारी कर्णरक्षके आली, आणि १९७५ साली तिचा एच१०-३० हा वैमानिकांचा हेडसेट निघाला. डोक्यावर किती दाब द्यावा म्हणजे आवाज अडेल आणि डोके दुखणार नाही, हे बंद हेडफोनचे मर्म. ते विणकराच्या घरातून आले याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. कॉसच्या प्रो-४ मालिकेतही कानाच्या गादीत द्रव भरून ती चेहऱ्याच्या उंचसखलतेवर बसवण्याची तजवीज होती. ती कल्पनाही धावपट्टीकडूनच आली असावी.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे: १९६८ मध्ये सेनहायझरचा एचडी ४१४ हा उघड्या पाठीचा पहिला हेडफोन आला, १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन फोमच्या हलक्या चकत्या घेऊन रस्त्यावर उतरला, आणि १९८५ मध्ये बायरने डीटी ७७० काढून बंद पाठीची घराणेशाही पुन्हा सांभाळली. पण विमानाने हेडफोनला दुसऱ्यांदा देणगी दिली ती नोंदवल्यावाचून राहवत नाही. इंग्रजांच्या राज्यातून अमेरिकेला निघून गेलेल्या नोनीगोपाल बोस या बंगाली क्रांतिकारकाचे पुत्र अमर बोस हे १९७८ मध्ये झ्यूरिकहून परतताना विमानातले हेडफोन लावून बसले होते. इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडून गेलेले पाहून त्यांनी प्रवासातच विरुद्ध ध्वनीने ध्वनी मारण्याचे गणित मांडले, आणि १९८९ मध्ये त्याचे फळ प्रथम मिळाले ते पुन्हा वैमानिकांनाच.

आता ही सारी वंशावळ देवास गेटच्या कसोटीला लावून पाहू. बंद कप आणि गादी ही उंच स्वरांना उत्तम अडवतात. क्लीनरचा पुकारा, भोंग्याची किंकाळी, शेजाऱ्याचे बोलणे ही त्यांनी निम्म्याहून अधिक मऊ होतात. उभ्या बसची खर्जातली घुरघुर मात्र कपाच्या भिंतीतूनही आत झिरपते. तिच्यावर बोस यांचा विद्युत् उपाय चालतो, कारण त्याची शक्ती खालच्या स्वरांतच आहे. ज्याची खिडकी थेट थांब्यावर असेल त्याने तो उपाय अवश्य घ्यावा. माझी खिडकी थोडी आडवी असल्याने मी साधा, बिनविजेचा बंद हेडफोन पुरेसा मानतो. परंतु मला चष्मा आहे, आणि चष्म्याची काडी गादीखाली गेली की पातेल्यावरचे झाकण किंचित कलल्यावर वाफ जशी निसटते तसा खर्ज निसटून जातो: तबल्याच्या डग्ग्यातला घुमारा पातळ होतो, तानपुऱ्याचा खर्जाचा षड्ज ऐकू येतो पण भरत नाही. जाड मऊ गादीने हे पुष्कळसे सावरते. उलट, कप उथळ आणि आतले अस्तर अपुरे असले तर पाठीवर आपटलेला आवाज परत येऊन डग्गा अकारण फुगतो, हे बंद पाठीचे व्यंग. म्हणून दुकानात हेडफोन पारखताना गाण्याऐवजी विलंबित एकतालाचा ठेका लावून पाहावा, दोष लगेच उघडा पडतो. माळव्याच्या मे महिन्यात, पारा ४० अंशांपुढे गेल्यावर, रेक्झिनची गादी कानाभोवती घामाने चिकटते. मखमली गादी हवा खेळवते आणि त्याच्या मोबदल्यात थोडा गोंगाट आत सोडते. मी मखमल पसंत केली आणि ८० ओहमचा डीटी ७७० घेतला. २५० ओहमचा प्रकार साध्या फोनवर पुरेसा बोलत नाही. आणखी एक हिशेब कचेरीतल्या माणसाने विसरू नये. प्रौढ माणसाने आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि ४० तास म्हणजे जवळपास पुरा कामाचा आठवडा. उघड्या हेडफोनने या नाक्यावर गाणे ऐकणारा माणूस भोंग्यावर मात करण्यासाठी आवाज चढवत जातो. बंद पाठ त्याला त्या मोहापासून वाचवते.

येथे एक आक्षेप मी स्वतःच उपस्थित करतो, कारण तो या रस्त्यावर टाळता येण्याजोगा नाही. या नाक्याला ज्या गावाचे नाव मिळाले त्या देवासात १९४८ च्या जानेवारीत कुमार गंधर्व क्षयाने जर्जर होऊन आले. वर्षानुवर्षे गाण्याची मनाई असलेल्या त्या काळात अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांच्या कानी आली ती माळव्याच्या बायाबापड्यांची गाणी. त्या धुनांतून त्यांनी रागांची बीजे वेचली. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी, संजारी हे त्या श्रवणाचे धन होय, आणि १९६५ च्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात त्यांच्या चिंतनाचा मोठा भाग संगृहीत आहे. त्यांनी कान मिटले असते तर? हा प्रश्न मला मनापासून अस्वस्थ करतो. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या आपल्या आज्यापणज्यांनाही कामाच्या वेळी गाणे हवे होते, पण त्या ते गात होत्या, त्यांच्या गाण्यात सारे घर सामील होई, आणि आमच्या मिटलेल्या कानांत शेजारी सामील होत नाही, हे उणेपण खरे आहे. तरीही माझे उत्तर असे की देवासच्या त्या खिडकीतून जे येत होते ते गाणे होते, आणि देवास गेटच्या खिडकीतून जे येते तो भोंगा आहे. ज्यांनी खुल्या कानांनी माळवा ऐकला त्या कुमारांचेच गाणे आज येथे नीट ऐकायचे तर कान मिटून घेण्यावाचून गत्यंतर नाही. कचेरीत दुपारी माणसे भेटायला येतात त्या वेळी मी एक कप कानामागे सरकवतो. दूरध्वनी केंद्रातील त्या एककर्णी कर्मचाऱ्यांचा दावा मी फेटाळला असला, तरी त्यांची एवढी वहिवाट मला मोलाची वाटते.

राहता राहिला त्या शिरस्त्राणाचा प्रश्न. ते कोणत्या वैमानिकाचे होते आणि मिलवॉकीच्या कारखान्यात कसे आले? महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याचे अतिरिक्त सामान ढिगांनी आणि कवडीमोलाने बाजारात आले, हौशी रेडिओ कारागिरांची घरे त्यावर भरली, आणि लांगे यांच्या हाती पडलेल्या गाद्या त्या ढिगातल्याच असणार असे मी धरून चालतो. अशा गाद्या वापरणारे त्या काळातले मोठे गिऱ्हाईक हवाई दलच होते, त्यामुळे या तर्काला बळकटी येते. याउलट ज्या कोणाकडे १९५८ पूर्वीचा, कानाभोवती मिटणाऱ्या गादीचा आणि कामाच्या कोणत्याही प्रयोजनावाचून निव्वळ गाणे ऐकण्यासाठी विकला गेलेला बंद पाठीचा हेडफोन असेल, त्याने तो पुढे करावा. तोपर्यंत या वस्तूचे मातृकूळ मी वैमानिकाच्या टोपाकडेच ठेवणार आहे.