निवडलेले की निवडणारे?

बोईसर स्थानकावर उतरून तारापूरच्या वाटेला लागले, की कारखान्यांची वस्ती मागे पडते आणि समुद्राकडच्या अंगाला जुन्या किल्ल्याचे अवशेष भेटतात. तारापूर म्हटले की आज अणुवीजकेंद्रच आठवते. परंतु पोर्तुगीज अमदानीत येथे डॉमिनिकन संन्याशांचा मठ होता. त्याच्या निमित्ताने एक जुना प्रश्न आम्ही आज श्रोत्यांपुढे मांडीत आहोत. मनुष्याचे तारण ईश्वराने आधीच ठरविलेले असते, की ते स्वीकारणे मनुष्याच्या हाती असते?

दैव आणि प्रयत्न हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. परंतु प्रारब्धाचे ओझे आपण निदान पूर्वजन्मीच्या कर्मावर टाकू शकतो. ख्रिस्ती श्रद्धेला पूर्वजन्म नाही. सारा भार एका ईश्वरेच्छेवर येतो. म्हणूनच रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायातील कुंभार आणि मातीचा दृष्टांत वाचताना श्रद्धावानाच्याही पोटात गोळा येतो.

ज्या लिस्बनहून गोव्याकडे जहाजे सुटत, त्याच लिस्बनमध्ये १५८८ साली येशूसंघाच्या लुईस द मोलिना यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोणता मनुष्य कोणत्या प्रसंगी काय निवडील हे ईश्वर जाणतो, तरी निवडतो तो मनुष्यच, असे त्यांचे म्हणणे. डॉमिनिकन पंथाच्या डोमिंगो बान्येझ यांना हे मानवले नाही. कृपा ही मनुष्याच्या होकाराची वाट पाहत बसत नाही, तो होकारही तीच घडविते, असा त्यांचा पक्ष. रोममध्ये वर्षानुवर्षे चौकशी चालली. अखेर १६०७ मध्ये पाचवे पोप पॉल यांनी निर्णय न देता, एकमेकांना पाखंडी म्हणू नका, एवढे बजावून वाद थांबविला. आमच्या वसईच्या कोटात या दोन्ही पंथांची मंदिरे उभी होती.

आता या पंडितांना सोडून शेतकऱ्याकडे आणि कोळ्याकडे वळू. हुमायूनच्या भीतीने गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली. एका सुलतानाची धास्ती, आणि तिच्यापायी हजारो कुटुंबांच्या धर्माची दिशा बदलली! पोर्तुगीज राज्यात धर्मप्रसाराला केवळ उपदेशाचा आधार नव्हता. आईबाप व आजेआजी नसलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा द्यावा, असा हुकूम १५५९ साली गोव्यात निघाला होता. अशा पोरक्या मुलाची ‘निवड’ कोणी केली? ईश्वराने, की फिरंगी राजाने?

हा प्रश्न आम्हांला परका नाही. आम्ही याच किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरात वाढलो. ज्या श्रद्धेने आमच्या घरातल्या मरणाच्या वेळी आम्हांला सावरले, ती आमच्या पूर्वजांवर लादलेली होती काय, या विचाराने आमच्या कित्येक रात्री गेल्या आहेत.

याला इतिहासाने दिलेले उत्तर पूर्ण नसले तरी मोलाचे आहे. जानेवारी १७३९ मध्ये तारापूर मराठ्यांनी घेतले. बाजी भिवराव तेथेच कामी आले. मे महिन्यात वसई पडली. चिमाजीआप्पांनी मान्य केलेल्या तहात, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्मपालनाची मुभा होती. राजसत्ता गेली, युरोपीय पाद्री बहुतेक निघून गेले. आता ख्रिस्ती राहण्यात राजाची मर्जी राखण्याचा लाभ उरला नव्हता. काही कुटुंबे शुद्ध होऊन परतली. पुष्कळ राहिली, आणि देशी पाद्र्यांच्या आधाराने त्यांनी आपली मंदिरे जपली.

राहिलेल्यांची निवड तरी पूर्ण मोकळी होती, असे आम्ही म्हणणार नाही. गणगोत, शेतवाडी, आईबापांची थडगी यांचीही ओढ असतेच. आणि परतले त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. तीही निवडच होती.

परंतु एवढे मात्र खरे. आरंभ त्यांच्या हातात नव्हता, राहणे काही अंशी होते. पोपनेही जो वाद मिटविला नाही तो आम्ही मिटविणार नाही. श्रद्धा आम्हांला वारशाने मिळाली हे आम्ही कबूल करतो. पण वारशाने मिळालेली जमीनही दरसाल कसावी लागते, आणि नांगर धरणारा हात आपलाच असतो.