उंबरठा आणि मैदान

भुसावळ सोडून वरणगावच्या वाटेला लागले म्हणजे तापीच्या दक्षिणतीरावरील लहानशा टापूत तीन प्रकारच्या सरकारी वसाहती प्रवाशाच्या दृष्टीस पडतात : पहिली आगगाडीवाल्यांची, दुसरी संरक्षणखात्याच्या आयुध-कारखान्यांची, ज्यांपैकी भुसावळचा १९४९ साली व वरणगावचा १९६४ साली उभा राहिला, आणि तिसरी, फेकरी गावाच्या शेजारी औष्णिक वीजकेंद्राबरोबर जन्मास आलेली, दीपनगर ही. पहिला ६२.५ मेगावॅटचा संच १९६८ साली येथे सुरू झाला, आणि पुढे २१० व ५०० मेगावॅटचे संच येत गेले, तसतशी वसाहतही विस्तारली. या तिहींचे धनी निराळे आणि जन्मकाळ निराळे. परंतु अशा कोणत्याही वसाहतीचा नकाशा उलगडून पाहावा, तो दवाखाना, शाळा व देऊळ यांच्या पंक्तीस क्लबाची इमारत बसलेली आढळावयाचीच. तिच्यात संध्याकाळी बॅडमिंटनचे फूल उडते, कॅरमच्या सोंगट्या वाजतात, गणेशोत्सवात नाटक होते आणि संक्रांतीस हळदीकुंकू होते. आणि हे सर्व इतके अंगवळणी पडलेले असते की, ही वास्तू आपल्या जीवनात आली कोठून आणि आली तेव्हा तिचे दार कोणासाठी उघडे होते, हा प्रश्न कोणाच्या मनास शिवत नाही.

माझ्या मते क्लबाच्या इतिहासात विचारण्याजोगा खरा प्रश्न एवढाच आहे. ढाली, करंडक, अध्यक्षांच्या तसबिरी आणि रौप्यमहोत्सवी स्मरणिका यांवरून संस्थेचे वैभव कळते. तिचे चरित्र कळावयाचे तर सभासदपत्रक उघडावे आणि त्यात कोणाचे नाव नाही हे पाहावे.

खानदेशात क्लब आला तो रेल्वेच्या पाठोपाठ. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने थळघाट चढून खानदेशात प्रवेश केला, भुसावळास नागपूरचा फाटा फुटला, आणि १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग अखंड झाला, तेव्हा एका सामान्य खेड्याचे मोठे जंक्शन झाले. गाडी हाकणारे, एंजिने दुरुस्त करणारे, तिकिटे व मालाचे दफ्तर सांभाळणारे शेकडो लोक येथे तैनात झाले. त्यांतील युरोपियन व अँग्लो-इंडियन मंडळींकरिता रेल्वे कंपन्यांनी आपापल्या वसाहतींत ‘इन्स्टिट्यूट’ या नावाच्या संस्था काढल्या : बिलियर्डचे मेज, वाचनालय, नाचाची लाकडी जमीन, टेनिसचे अंगण असा त्यांचा सरंजाम असे. एतद्देशीय नोकरांची सोय झाली ती मागाहून आणि निराळ्या छपराखाली. एकाच रुळावरून एकच गाडी नेणारे दोघे जण संध्याकाळी दोन वेगळ्या दारांनी करमणुकीस जात, आणि ही वहिवाट कोणास विचित्र वाटत नसे.

मुंबईत हाच न्याय अधिक ठसठशीतपणे लागू होता. १८७५ साली स्थापन झालेल्या बाँबे जिमखान्यात एतद्देशीयांस सभासद होण्यास मज्जाव होता. इतकेच नव्हे, तर गोऱ्या साहेबांच्या पोलोच्या घोड्यांनी एस्प्लनेडवरील सार्वजनिक मैदान तुडवावे आणि त्याच मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या पारशी व हिंदू मुलांनी खळग्यांतून चेंडू वेचावा, असा प्रकार कित्येक वर्षे चालला. पारशी खेळाडूंनी सरकारदरबारी अर्जांवर अर्ज केले. अखेर त्यांना जो इन्साफ मिळाला तो मोठा मासलेवाईक होता : मैदान मोकळे करून देण्याऐवजी सरकारने समुद्रकाठी प्रत्येक जमातीस जागेचा एकेक तुकडा तोडून दिला. पारशी जिमखाना १८८५ साली निघाला, पाठोपाठ मुसलमानांचा इस्लाम जिमखाना व हिंदूंचा हिंदू जिमखाना झाला, आणि ज्या भिंतीविरुद्ध तक्रार होती त्याच भिंतीच्या आणखी तीन प्रती काढून घेऊन सर्व मंडळी संतुष्ट झाली. मुंबईची चौरंगी आणि पुढे पंचरंगी क्रिकेटसामन्यांची परंपरा याच वाटणीतून उगवली. ती १९४६ पर्यंत टिकली.

भिंतीच्या आत आणखी भिंती होत्या, हे पळवणकर बाळू यांच्या चरित्रावरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही सिद्धान्ताने होणार नाही. चर्मकार जातीत जन्मलेला हा पोरगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपये पगारावर खेळपट्टीची निगा राखी आणि साहेबांस सराव व्हावा म्हणून तासन्‌तास चेंडू टाकी. त्याच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती पसरली तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबापुढे धर्मसंकट उभे राहिले. साहेबांस हरवावयाचे तर हा माणूस हवा, आणि हा माणूस घ्यावयाचा तर विटाळाचे काय? तोड निघाली ती अशी की, मैदानात एका चेंडूस सर्वांनी स्पर्श करावा, आणि चहाच्या वेळी बाळूंनी मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा घ्यावा. शास्त्राचा असा लवचीक अर्थ लावणारी बुद्धी इतर कामी लागती तर! बाळू पुढे मुंबईस गेले, १९०६ साली युरोपियनांस धूळ चारणाऱ्या हिंदू संघात होते, आणि १९११ च्या विलायतेच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण हिंदू संघाचे नायकत्व त्यांच्या वाट्यास कधीच आले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले, तेही पुष्कळ रुसवेफुगवे आणि वर्तमानपत्री वादंग झाल्यानंतर.

त्याच १९०६ साली सरकारने कारभाराच्या सोयीसाठी खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन तुकडे केले, आणि त्याच साली, वंगभंगाने देश खवळलेला असताना, पुण्यात मुठेच्या पलीकडच्या मोकळ्या रानात डेक्कन जिमखाना स्थापन झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काडीमात्र संबंध नाही. खानदेशी मनुष्यास साल लक्षात ठेवावयास सोपे जाते, एवढेच. मात्र महाराष्ट्रातील क्लबांच्या इतिहासात डेक्कन जिमखान्याची गणना मी सर्वांत आधी करीन, आणि त्याचे कारण एका सबंध उपनगरास त्याचे नाव मिळाले हे नव्हे. इतर संस्था साहेबाचे खेळ साहेबासारखे खेळून दाखविण्यात धन्यता मानीत असता या संस्थेने टेनिस-क्रिकेटच्या जोडीला खो-खो, आट्यापाट्या, हुतूतू हे धुळीतले खेळ घेतले, आणि त्यांना नियमांची चौकट दिली.

हे काम दिसते तितके क्षुल्लक नव्हते. गावोगावचा खो-खो निराळा होता : कोठे किती गडी बसावयाचे, डाव केव्हा संपला म्हणावयाचे, पाठलाग करणाऱ्याने उलटे फिरावे की न फिरावे, हे सारे त्या त्या आळीतील थोराड मुलाच्या मर्जीवर असे. हुतूतूचे तर संजीवनी, गामिनी, अमर असे भिन्न प्रकार भिन्न प्रांतांत नांदत होते. एकात बाद गडी जिवंत होई, दुसऱ्यात बाद तो बादच, तिसऱ्यात बाद झालेला गडी खेळतच राही आणि केवळ गुण मोजला जाई. दोन गावांचा सामना ठरला म्हणजे खेळापेक्षा तहाच्या कलमांनाच अधिक वेळ लागे. डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे पहिले नियम तयार केले. पुढे १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने ते सुधारून प्रसिद्ध केले. एका ओळीत आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलागास, एकदा घेतलेली दिशा सोडावयाची नाही, ही आज शाळकरी मुलासही ठाऊक असलेली रचना अशा समित्यांच्या बैठकांतून, इतिवृत्ते लिहून आणि दुरुस्त्या सुचवून, घडत गेली.

इंग्रजी धर्तीच्या खेळांत मात्र डेक्कन जिमखान्याच्या मंडळींची समज अद्याप बेताची होती. १९१९ साली सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष असताना मैदानी शर्यती झाल्या. लांब पल्ल्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारे बहुतेक शेतकरी होते, आणि त्यांचा वेग पाहून टाटा चकित झाले. या धावपटूंना ऑलिंपिकला पाठवावे असा विचार निघाला, तेव्हा शंभर मीटर धावण्यास किती वेळ लागावा, असे विचारता एका प्रतिष्ठित सभासदाने एक-दोन मिनिटे असे उत्तर दिल्याचे सांगतात. तेथे मिनिटांचा नव्हे, सेकंदाच्या दशांशांचा हिशेब चालतो, हे ऐकून ते गृहस्थ थक्क झाले. तरीही टाटांनी खजिना मोकळा केला, गव्हर्नर लॉइड यांनी परवानगीचा बंदोबस्त केला, आणि १९२० साली अँटवर्पला सहा जणांचे पथक गेले. बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांच्या आसपास पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. तांबड्या मातीत वाढलेले मल्ल रणधीर शिंदे परक्या गादीवर परक्या नियमांनी लढून चौथे आले. पदकाने थोडक्यात हुलकावणी दिली, आणि म्हणूनच की काय, शिंदे यांचे नाव आज फार थोड्यांस आठवते.

वऱ्हाडात, भुसावळहून बडनेऱ्याच्या गाडीने सहज गाठता येणाऱ्या अमरावतीस, अंबादासपंत व अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारले. त्याचा मोहरा निराळा होता. वर्गणीदारांच्या करमणुकीपेक्षा शिक्षक घडविणे हे त्याने आपले कार्य मानले, उन्हाळी वर्गांतून तालीममास्तर तयार करून ते गावोगाव धाडले, आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले पथक नेऊन हिंदुस्थानी खेळांची प्रात्यक्षिके युरोपास दाखविली. क्लबाच्या दाराचा प्रश्न या मंडळाने असा सोडविला की, लोकांनी आत यावे याची वाट न पाहता स्वतःच बाहेर पडावे. आणि दूरवरच्या खेड्यांचा विचार करता हाच मार्ग अधिक फलदायी ठरला, असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतरच्या वसाहतींत वर्ण आणि जात यांच्या अटी घटनेतून गेल्या. त्यांची जागा पुष्कळ ठिकाणी हुद्द्याने घेतली. अधिकाऱ्यांचा क्लब निराळा, कामगारांचे करमणूक केंद्र निराळे, हा शिरस्ता रेल्वेकडून कारखान्यांकडे व कारखान्यांकडून वीजकेंद्रांकडे आला. हुद्दा बढतीने बदलतो आणि जात बदलत नाही, हा फरक मोठाच आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही; तथापि बदली होऊन आलेल्या गृहिणीस पहिल्याच आठवड्यात आपण कोणत्या दालनात बसावयाचे हे न सांगता कळते, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

नियमांची छापील पुस्तके मात्र या सर्व दारांतून निसटून केव्हाच बाहेर पडली. जिल्हा परिषदेच्या शाळेचे पटांगण सभासदत्व विचारीत नाही. तेथे क्रीडाशिक्षक सकाळी फक्कीने रेघा आखतात, दोन टोकांस खांब रोवतात, आणि तालुक्याच्या सामन्याची तयारी सुरू होते. पूर्वी वाद पडला म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचा निकाल चाले. आता दहा वर्षांची मुलगीही पंचांपुढे उभी राहून दिशाभंगाचा नियम ठणकावून सांगते. वाद काही कमी झालेले नाहीत.