अंजूरची अंगणवाडी आणि आळशी डोळा

अंजूर म्हटलं की आपल्याला गंगाजी नाईक आठवतात, १७३९ साली जिंकलेली वसई आठवते. आज आपण त्याच गावात बसून जरा वेगळा इतिहास बघणार आहोत. आपल्या मुलांचे डोळे कोण तपासत आलं, आणि कितव्या वर्षी?

आपल्याकडे शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली १९०९ साली, सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात. शाळाच का? तर मुलं एका जागी सापडतात म्हणून. स्नेलेनचा अक्षरतक्ता १८६२ पासून होताच. पण तक्ता वाचायला आधी अक्षरं यावी लागतात, आणि आळशी डोळा तेवढा थांबत नाही.

हा 'आळशी' शब्द तसा अन्यायाचाच. डोळा बिचारा बाहेरून बहुधा धडधाकट दिसतो. तिरळेपणा असेल, किंवा दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असेल, तर मेंदू एका डोळ्याचं चित्र घेतो, दुसऱ्याचं टाकून देतो. ह्यूबेल आणि विझेल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांची एक पापणी काही काळ शिवून ठेवली. उघडल्यावर डोळा ठीक, पण मेंदू त्याला दाद देईना. मोठ्या मांजरांत तसं झालं नाही. १९८१ च्या नोबेलचे ते मानकरी झाले. माणसाच्या पोराचंही असंच. सात-आठ वर्षांनंतर उपचार अवघड होत जातात.

म्हणजे तपासणी शाळेच्या आधी, अंगणवाडीत व्हायला हवी. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही पालघरहून. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. फिरत्या पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा यावं, शाळेत एकदा, असं ठरलं. बडोद्यापासून इथवर यायला शंभरावर वर्षं लागली.

तरी एक फट राहते. दोन्ही डोळे उघडे असताना पोर सगळं सांगतं, चित्रातलं बदकसुद्धा ओळखतं. एकेक डोळा झाकूनच बघावं लागतं. चांगला डोळा झाकला की ते हात झटकतं, रडतं. आपण म्हणतो, हट्टी आहे. तिरळं दिसलं तर घरात 'भाग्याचं लक्षण' म्हणून कौतुक, तेही आपण ऐकलेलं आहे.

आणि सापडल्यावरही पेच आहेच. पट्टी लावायची ती चांगल्या डोळ्यावर, म्हणजे मेंदूला दुसऱ्याकडे वळावंच लागतं. आजी विचारते, अहो डॉक्टर, दिसतंय तोच डोळा का झाकताय? प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर द्यायला डॉक्टरांकडे निवांत पाच मिनिटं हवीत.