यंत्र सुरू कोणी करायचे?



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. यंत्र कोणाचे, ते सुरू कोणी करायचे आणि बंद कोणी करायचे, या तीन प्रश्नांभोवतीच आमच्या चळवळीची शंभर वर्षे गेली आहेत. मुंबईच्या गिरण्यांत साचे कामगार चालवीत. भोंगा मात्र मालकाचा असे. १९८२ च्या जानेवारीत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि पुढे कित्येक गिरण्यांचे दरवाजे पुन्हा पूर्वीसारखे उघडलेच नाहीत. साचा चालवता येणे निराळे आणि तो सुरू करण्याचा अधिकार असणे निराळे, हे तेव्हा हजारो घरांनी फार महाग किंमत देऊन शिकून घेतले. त्यांत आपल्या या किनाऱ्यावरचीही घरे होती.

आज ज्या वस्तूविषयी बोलायचे, ती हाताच्या बोटाएवढी आहे. तिला आपण पेनड्राइव्ह म्हणतो. तिच्यावर गाणी आणि लग्नाचे फोटो ठेवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तिच्यावर पाच-दहा निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिम भरून, त्यांतली हवी ती निवडून, समोरचा संगणक तिच्याच बळावर सुरू करता येतो, हे थोड्यांना ठाऊक असते. ही सोय एका दिवसात आलेली नाही. तिला साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास आमच्या मते हँडल कोणाच्या हाती असावे याचा आहे.

हँडल हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. रेवसच्या धक्क्यावर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना जुने डिझेल इंजिन कसे सुरू होई, हे सांगावयास नको. खलाशी हँडल मारी. इंजिन एकदा फिरू लागले की आपल्याच फिरण्याच्या जोरावर पुढे चाले. पण पहिला फेरा त्याला स्वतः घेता येत नसे. संगणकाचे दुखणे नेमके हेच आहे. त्याने काही करायचे तर त्याच्या स्मृतीत आज्ञावली असली पाहिजे. आज्ञावली स्मृतीत आणायची तर तेही काम कोणत्या तरी आज्ञावलीनेच करावे लागते. मग पहिली आज्ञावली आणायची कोणी? आपल्याच बुटांचे बंद ओढून स्वतःला जमिनीवरून उचलण्यासारखा हा प्रकार, म्हणून इंग्रजी जाणणाऱ्यांनी त्याला गमतीने बुटाचेच नाव दिले. संगणक ‘बूट होतो’ असे आज आपण म्हणतो, ते त्यावरून.

समोरच्या पाण्यापलीकडे, मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आपल्या देशात घडवलेला संगणक १९६० साली कामाला लागला. पुढे त्याचे नाव टिफ्रॅक पडले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, आणि स्मृती अवघी २,०४८ शब्दांची. त्याला काम सांगायचे ते भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून. (आपला जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता, रायगड हे नाव १९८१ चे. त्यामुळे कुलाब्याची गोष्ट सांगताना कोणता कुलाबा, हे विचारण्याची पाळी आमच्या पिढीपर्यंत येत असे.) असल्या यंत्राजवळ जाणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हँडल शास्त्रज्ञांच्या हाती होते, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते.

तक्रार सुरू झाली ती संगणक कचेऱ्यांत शिरू लागला तेव्हा. १९६० च्या दशकात कलकत्त्याच्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी इलाको हाऊस या इमारतीत संगणक बसू नये म्हणून रात्रंदिवस पहारा दिला. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी पुढे वर्षानुवर्षे वाटाघाटी करून ८ सप्टेंबर १९८३ रोजी यंत्रीकरणासंबंधी करार केला, आणि किती यंत्रे, कोठे, कोणत्या कामासाठी, हे त्यात बांधून घेतले. या लढ्यांकडे हसून पाहण्याची आज फॅशन आहे. आम्ही हसत नाही. नोकरी जाणार असे ज्याला दिसते, त्याने दारात उभे राहणे यात वेडेपणा कसला? मात्र एक गोष्ट खरी. यंत्राने दारातून आत यावे की नाही, यावर आमच्या चळवळीने जितकी शक्ती वेचली, तिच्या शतांशानेही ते आत आल्यावर त्याचे हँडल कोणाकडे राहावे, याचा विचार झाला नाही.

आणि नेमका त्याच काळात तो प्रश्न निघाला होता. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यात पहिला फेरा देण्याचे काम एका चिपमध्ये कायमचे कोरलेल्या छोट्या आज्ञावलीकडे होते; तिला बायॉस म्हणतात. वीज आली की बायॉस जागा होई, यंत्राचे अवयव तपासी, मग फ्लॉपीच्या खाचेत तबकडी आहे काय ते पाही. तेथे काही नसेल, तर पुढे हार्ड डिस्क बसवलेल्या यंत्रांत तिच्याकडे वळे. तेथून तो पहिले ५१२ बाइट तेवढे उचली. पाचशे बारा अक्षरे म्हणजे एका पोस्टकार्डावरचा मजकूर! त्या पोस्टकार्डावर जे लिहिले असेल ते बायॉस निमूटपणे अमलात आणी. कोणी लिहिले, हे तो विचारीत नसे. फ्लॉपी ज्याच्या हाती, यंत्र त्याच्या हाती. या मोकळेपणाचा गैरफायदाही लगेच घेतला गेला: १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ नावाचा विषाणू याच पोस्टकार्डाच्या जागी जाऊन बसत असे. उघड्या दाराने पाहुणा येतो तसा चोरही येतो, हे आम्ही नाकारीत नाही. पुढे दाराला जे कुलूप आले, त्याचे समर्थन याच घटनांवरून होऊ लागले.

१९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून जगासमोर ठेवला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची अवजारे त्याला मिळाली, आणि कोणीही घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी अशी संपूर्ण प्रणाली उभी राहिली. आपल्याकडे इंटरनेट अजून महाग आणि मंद होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी येऊ लागल्या, आणि आपल्या देशातल्या अनेकांनी लिनक्स प्रथम पाहिले ते त्या सीडीवरून.

सीडीवरून यंत्र सुरू होण्यासाठी मात्र बायॉसला सीडी वाचता यावयास हवी होती. सीडीवर फायली कशा मांडाव्यात, याचा जागतिक नियम १९८८ साली ठरला होता. त्याचा क्रमांक आयएसओ ९६६०. आज ऑपरेटिंग सिस्टिम ज्या एकसंध फाइलच्या रूपाने उतरवून घेतात, तिला ‘आयएसओ’ म्हणतात ते या नियमावरून. संपूर्ण तबकडीचा बाइटशः घेतलेला ठसाच तो. अशा तबकडीवरून बूट कसे करावे, याचा नियम १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी केला, आणि त्याला कॅलिफोर्नियातल्या एका खाणावळीचे नाव पडले: एल् टोरिटो. पुढे २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स काढली. ही सीडी घाला, यंत्र सुरू करा, हार्ड डिस्कला हातही न लावता सारे काम चालते. सीडी काढली की यंत्र होते तसे. दुसऱ्याच्या यंत्रावर बसून आपले काम करून उठावे आणि मागे काही ठेवू नये, ही सोय गरिबाला फार मोठी होती.

त्याच वर्षी पेनड्राइव्ह विक्रीस आला. पहिल्यांची क्षमता अवघी ८ मेगाबाइट! परंतु ती वाढत गेली, आणि सीडीची जागा त्याने घेतली.

आमच्याच रायगड जिल्ह्यातील खैरात या लहान गावात २००७ साली ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाची भारतातील पहिली शाळा सुरू झाली. हिरव्या-पांढऱ्या रंगाची ती छोटी यंत्रे, आणि आत ‘शुगर’ नावाची मुलांसाठी केलेली प्रणाली. प्रकल्पाचे हेतू उदार होते. तरीही या जातीच्या यंत्रांत चोरीच्या भयाने असे कुलूप घातलेले असे की, सही केलेल्या प्रणालीखेरीज दुसरे काही त्यावर सुरू होऊ नये. ते काढायचे तर किल्ली मागून घ्यावी लागे. किल्ली फुकट मिळे, हे खरे. पण मागावी लागे! पुढे प्रकल्पातून शुगर वेगळी निघाली, आणि जून २००९ मध्ये ‘शुगर ऑन अ स्टिक’ या नावाने पेनड्राइव्हवरून कोणत्याही साध्या यंत्रावर चालू लागली. लॅपटॉप वाटण्याऐवजी मुलाच्या खिशात त्याची प्रणाली द्यावी, यंत्र शाळेतले जुनेपाने असले तरी चालेल, हा विचार आम्हांला पहिल्यापेक्षा अधिक पटतो.

आता एका पेनड्राइव्हवर अनेक प्रणाली कशा मावतात ते पाहू. आयएसओ फाइल नुसती पेनड्राइव्हवर ठेवून भागत नाही. बायॉसला तिच्या पोटातले दिसत नाही. मधे एक दुभाषा लागतो. एच. पीटर अँव्हिन यांचे सिसलिनक्स आणि ग्नू प्रकल्पाचे ग्रब हे असे दुभाषे. ग्रब आयएसओच्या पोटात शिरून गाभा उचलतो आणि त्याला चालता करतो. पण खरी अडचण येथूनच पुढे आहे. गाभा जागा झाला की तो आपली उरलेली चीजवस्तू सीडीवर शोधू लागतो. आणि सीडी तर नाही, ती एका फाइलच्या आत दडलेली! मग कोणत्या फाइलमध्ये शोध, हे त्याला चिठ्ठी लिहून सांगावे लागे, आणि प्रत्येक प्रणालीची चिठ्ठी निराळी. विंडोजचे तर आणखीच वेगळे. त्यामुळे बारा-पंधरा वर्षे हे काम जाणत्यांचेच राहिले.

५ एप्रिल २०२० रोजी चीनमधील एका विकासकाने ‘व्हेंटॉय’ प्रसिद्ध केले आणि ही कटकट संपवली. व्हेंटॉय पेनड्राइव्हचे दोन भाग करते. मागचा भाग ३२ मेगाबाइटचा, त्यात दुभाषा राहतो. पुढचा मोठा भाग तुमचा. त्यात आयएसओ फायली फोटो ठेवावेत तशा ठेवाव्यात. सुरू करताना त्यांची यादी पडद्यावर येते. निवडलेली फाइल म्हणजे खरीच तबकडी आहे, असा भास व्हेंटॉय त्या प्रणालीला करून देते, म्हणून चिठ्ठीची गरज बहुधा उरत नाही.

मधल्या काळात दाराला कुलूप लागले होते. बायॉसच्या जागी यूईएफआय आले, आणि २०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ सर्वत्र पसरले. मान्य किल्लीची सही असेल तेच सुरू होईल, आणि बहुतेक यंत्रांत ही किल्ली मायक्रोसॉफ्टची. पोस्टकार्डावर बसणाऱ्या विषाणूंना याने आळा बसला. परंतु सहीचा अधिकार एका कंपनीकडे गेला. साध्या संगणकांत यंत्रधारकाला सेटिंगमध्ये जाऊन हे कुलूप काढता येते, किंवा आपली किल्ली त्यात नोंदवता येते. व्हेंटॉयही पहिल्या वेळी हीच नोंद करावयास सांगते. ही वाट खुली आहे तोवर आमचे भांडण नाही. ती बुजली, तर ती टाळेबंदी समजावी.

हा प्रश्न पुस्तकी नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय आणि ठरावीक वर्षांनंतरचा प्रोसेसर लागतो. परिणामी चालू स्थितीतली असंख्य यंत्रे एका तारखेला ‘जुनी’ ठरली. आमच्या युनियनच्या कचेरीत अशी चार होती. दुरुस्तीच्या दुकानात सांगण्यात आले की, भंगारात घाला आणि नवी घ्या. वर्गणीच्या पैशांतून चार नवी यंत्रे! आम्ही ३२ जीबीचा एक पेनड्राइव्ह आणला. त्यावर व्हेंटॉय चढवले. चढवताना पेनड्राइव्हवरचे सारे पुसले जाते, हे नवख्याने ध्यानात ठेवावे. मग लिनक्स मिंट, फार जुन्या यंत्रासाठी हलकी अँटीएक्स, सी-डॅकने केलेली भारतीय भाषांची बॉस, डिस्कची नक्कल घेणारी क्लोनझिला आणि स्मृती तपासणारी मेमटेस्ट, इतक्या फायली ठेवल्या. प्रत्येक फाइलची शा-२५६ बेरीज मूळ ठिकाणी दिलेल्या बेरजेशी ताडून पाहिली. हिशेबनीस रोकडवही ताडून पाहतो तसेच हे काम, आणि ते टाळू नये. खुद्द व्हेंटॉयच्या संग्रहात इतर प्रकल्पांतून घेतलेले काही तयार तुकडे आहेत, त्यांवरून जाणत्यांनी आक्षेप घेतले. २०२५ मध्ये कर्त्याने ते कोठून आले याची यादी दिली. ज्याच्या हाती हँडल द्यायचे, त्याचा हिशेब मागण्यात गैर काही नाही.

पहिल्या दोन यंत्रांवर मिंट चालली. तिसरे फार म्हातारे होते, त्यावर अँटीएक्स बसवली. सभासदांची नोंदवही आता त्यावर आहे, आणि पत्रके मराठीत टंकता येतात. चौथे मात्र मधेच थबके. मेमटेस्टला रात्रभर लावून ठेवले, तेव्हा सकाळी पडद्यावर तांबड्या ओळी दिसल्या. स्मृतीच्या दोन पट्ट्यांपैकी एक सदोष होती. ती काढली, आणि ते अर्ध्या स्मृतीवर चालू लागले.